अर्धपारदर्शक कारभार

"आई, तुझं अ‍ॅप रेल्वेच्या चौकशी खिडकीसारखं दिसतं," असं नूपुर म्हणाली. ती माझी पोटची मुलगी आहे म्हणून मी फोन ठेवला नाही. दुसरं कोणी असतं तर त्याला लिफ्ट बंद असल्याची सूचना मी त्या दिवसापासून पाठवलीच नसती. चढू दे म्हटलं असतं.

अ‍ॅपचं नाव 'शेजार'. आमच्या सोसायटीसाठी मी ते एकटीने बनवलं. नळ कधी येणार, लिफ्ट कुठे अडकली, कोणाचं पार्सल वॉचमनजवळ पडून आहे, कामवाली बाई आज कोणाकडे येऊन गेली आणि कोणाला तिने 'तब्येत बरी नाही' असं सांगितलं, हे सगळं त्यात कळतं. कोडिंग कुठे शिकलात, असं लोक विचारतात. ओट्यापाशी शिकले. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक व्हिडिओ होतो आणि वाफ जिरेपर्यंत दुसरा. प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. फोडणीचंही नाही, पण आमच्या घरून अजून कोणी उपाशी गेलेलं नाही.

नूपुर हैदराबादला असते आणि तिथून मला सुधारते. म्हणाली, "ब्लर टाक आई. सूचना उघडली की मागचा सगळा पडदा धूसर झाला पाहिजे. आजकाल तसंच असतं."

मला कल्पना पटली. सूचना समोर, ठळक. मागचं सगळं आहे, पण मवाळ, न्हाणीघराच्या दुधी काचेतून बाहेरचं जांभळाचं झाड दिसतं तसं. हिरवं काही तरी हलतंय एवढं कळतं, पानं मोजता येत नाहीत. मोबाइलला दुधी काच बसवायची, एवढंच काम. त्यात कोणाचं काय बिघडणार?

"गरज काय?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. हे, म्हणजे विक्रम, विमा कंपनीत आहेत. कोणतीही गोष्ट घडण्याआधी तिचं नुकसान ठरवून ठेवायचं हा त्यांचा धर्म. त्यामुळे मी त्यांचं कधी ऐकत नाही, आणि त्यामुळे त्यांचं बरेचदा खरं होतं.

पहिल्याच दिवशी झालं. ब्लर टाकायला दोन ओळी लिहाव्या लागतात, पण तो कशाच्या मागे आणि कशाच्या पुढे, हे सांगायला वीस. माझ्या फोनवर काच बरोबर सूचनेच्या मागे बसली. लहान पडद्याच्या फोनवर मात्र ती सूचनेच्या निम्म्या अंगावर चढली. मी पाठवलं होतं: 'उद्या नळ येणार नाही. पाणी भरून ठेवावे.' लोकांना वरची ओळ लख्ख दिसली, 'उद्या नळ येणार'. 'नाही' खालच्या ओळीत होतं. ते काचेआड गेलं.

एप्रिल महिना, आणि आमचं नागपूर. माणसाआधी कूलरला पाणी लागतं. सकाळी वरच्या मजल्यावरच्या इंदुताई रिकामी कळशी घेऊन दारात उभ्या.

"प्रमोदिनी, नळ येनार म्हनलं होतं ना वं तू?"

"येणार नाही म्हटलं होतं, इंदुताई."

त्यांनी फोन माझ्या नाकाला लावला. "यात 'नाही' कुठी हाय?"

"काचेमागे आहे."

"'नाही' म्हनाचं तं तोंडावर म्हनावं ना बाई. काचेमागून काहून म्हनून राहिली?"

मी त्यांना आमच्या पिंपातलं पाणी दिलं, पाठोपाठ आलेल्यांनाही दिलं, आणि दुपारी आमचा कूलर नुसता गरम वारा फेकत असताना ह्यांनी वर्तमानपत्राआडून एक शब्द काढला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोललेल्याशी भांडता येत नाही.

चूक सुधारली. काच मागे गेली, सूचना पुढे आली. आता लोकांनी कौतुक करायला हवं होतं. पण कौतुकाआधी लोकांनी फोन पुसायला घेतले. पदराने, बनियनने, चष्म्याच्या फडक्याने. मागचं धूसर झालंय ते मुद्दाम केलंय, हे कोणाच्या मनातच येईना. आपल्याकडे धूसर म्हणजे मळकट. इंदुताईंनी टूथपेस्ट घासून पाहिली आणि तो उपाय जिन्यात सगळ्यांना सांगितला. मग कोणी तरी म्हणालं, स्क्रीनगार्ड खराब झाले असतील, आणि निम्मी सोसायटी जरीपटक्याच्या बाजारात जाऊन नवे गार्ड लावून आली. तिथला दुकानदार म्हणे सांगत होता, "आंटी, पुरानावाला एकदम ठीक है." पण त्याचं कोण ऐकतो? स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलणाऱ्या दुकानदारावर आमच्या लोकांचा विश्वास नाही.

तळमजल्यावरच्या रामाजींचा त्रास वेगळा होता. रामाजी मूळचे कुही गावचे, धानाची शेती करणारे. आता मुलाजवळ राहतात आणि मुलाचा जुना फोन वापरतात. ब्लर करायला फोनला मेहनत पडते, जुन्या फोनला जास्तच. माझा आपला समज होता की फोन थोडा संथ होईल. रामाजी फोन रुमालात गुंडाळून घेऊन आले.

"बाई, हा तापून राहिला. याच्यावर पापड भाजते."

"बंद करून ठेवा ना थोडा वेळ."

"ठेवला. फ्रिजात ठेवला. सांभाराच्या जुडीखाली. सून वरडली मग मले."

फोनला अजून त्या कोथिंबिरीचा वास येत होता. मी त्यांच्या फोनसारख्या जुन्या फोनांना काच कमी जाडीची लावली. हे काम किती नाजूक आहे ते मी त्यांना समजावून सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "पन बाई, मागचं दिसूच द्याचं नाई, तं मागं ठेवता कायले?" शेतकरी माणूस. मला आजवर कोणी विचारलेला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि नूपुरलाही त्याचं उत्तर आलेलं नाही.

आता फोन पुसून झाले, गार्ड बदलून झाले, तरी धूसर ते धूसरच. मग राहिलं काय? डोळे. मोतीबिंदू हा शब्द आधी कोणी उच्चारला माहीत नाही, पण संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मजल्यांवर पोचला होता. अख्खा विदर्भ गाड्या बदलून धंतोलीच्या दवाखान्यांत येतो, आमचे लोक तर ऑटोने पोचतात. गेले. इंदुताईंच्या पुढाकाराने गेले. तिथे डॉक्टरांशी काय बोलणं झालं ते इंदुताईंनीच मला ऐकवलं, आणि तेही मीच गुन्हेगार असल्यासारखं.

"डॉक्टर म्हने, लांबचं दिसते का? म्हनलं, दिसते. जवळचं? म्हनलं, सुई ओवतो मी. मंग म्हने, धूसर कधी दिसते? म्हनलं, नळाची सूचना पायतो तवा."

"मग?"

"मंग त्यानं फोन पायला. हासला मेला. म्हने, मावशी, तुमचे डोळे चांगले हायेत. ज्यानं अ‍ॅप बनवलं त्याले दाखवून या."

म्हणून ते दवाखान्यातून थेट मला दाखवायला आले होते. बाहुल्या मोठ्या व्हायचं औषध डोळ्यांत घातलेलं, वर काळे चष्मे, एकमेकांचे खांदे धरून दारात रांग. ह्यांनी दार उघडलं आणि आत येऊन एवढंच म्हणाले, "तुझे वापरकर्ते आलेत."

मी त्यांना पन्हं दिलं. पण ब्लर काढते असं म्हटलं नाही. हट्ट म्हणा. आयुष्यभर मी सोफ्याचा रंग, पडद्याचा रंग, लग्नातल्या शालूचासुद्धा रंग बहुमताने घेतलाय. एवढी एक काच माझ्या मनाने बसवली होती.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली.

नोटीस केशवरावांची. केशवराव आमचे सेक्रेटरी. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. बायको गेली, मुलगा कॅनडात. इमारत उभी राहिली तेव्हापासून सेक्रेटरी तेच, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाला ते काम नको होतं. हल्ली त्यांच्या नोटिसा फलकावर तिरप्या लागायच्या. माणूस माजला की असं होतं, असं मी ह्यांना सांगितलंही होतं. माझ्या नावाची नोटीस तिरपी तर होतीच, उलटीही होती. मान वाकडी करून वाचली. 'सोसायटीचा कारभार पारदर्शक असावा असे उपविधीत नमूद असताना, आपण सूचनांमागील भाग हेतुपुरस्सर धूसर केल्याचे निदर्शनास आले आहे. कारणे दाखवा.'

मी उत्तर लिहिलं: 'कारभार पारदर्शकच आहे. काच अर्धपारदर्शक आहे.'

ते फाटकापाशी भेटले. पूर्वी स्कूटरने जायचे, हल्ली पायीच असायचे. प्रकृतीसाठी, म्हणे.

"वहिनी, उपविधीत 'अर्ध' हा शब्द नाही."

"उपविधीत 'अ‍ॅप' हा तरी कुठे आहे?"

"तेच म्हणतोय मी. बाहेरच्या एका कंपनीचं तयार अ‍ॅप मिळतं. सगळ्या मोठ्या सोसायट्या तेच घेतात. रविवारच्या सभेत ठराव आणतोय. रविवारपर्यंत धूसरपणा गेला नाही तर तुमचं बंद." आणि मग, समजूत काढावी तसं म्हणाले, "तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत हो. घरगुती आहे, पण चांगलं आहे."

घरगुती! म्हणजे लोणचं. म्हणजे कुरडया. पॅकबंद मिळेपर्यंत चालवून घ्यायचं ते. मी फाटकातून घरापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. लिफ्ट बंद होती हे मात्र आठवतं, कारण तशी सूचना मीच सकाळी पाठवली होती.

तेव्हा मी ठरवलं. माझ्या फोनमध्ये एक बटण बनवलं. ते दाबलं की सगळ्यांच्या फोनमधली काच एकदम येणार, पुन्हा दाबलं की एकदम जाणार. सभेच्या दिवशी सकाळी काच काढून ठेवली. माझा डाव असा: केशवराव तक्रार करतील. मी म्हणेन, बघा, काच नाही. मग बटण दाबेन आणि म्हणेन, आता बघा, आहे. सांगा, काय चांगलं दिसतं? घरगुती बाईला जे जमलं ते तुमच्या कंपनीला जमतं का विचारा. हे भाषण मी भाजी चिरताना पाठ केलं होतं.

सभा पार्किंगमध्ये. खुर्च्या, मोठा कूलर, चहाचा थर्मास. केशवराव उभे राहिले, फोन हातात उंच धरला.

"मुदत देऊनही यांनी धूसरपणा काढलेला नाही. आताच उघडून पाहा. मागचं सोडा, सूचनासुद्धा वाचता येत नाही. मी स्वतः पंधरा मिनिटं प्रयत्न केला."

सगळ्यांनी फोन उघडले. सगळ्यांच्या फोनमध्ये काच नव्हती. सकाळीच मी ती काढली होती. अक्षरं लख्ख होती.

माझी जिंकायची वेळ आली होती. तोंड उघडलंच होतं. पण केशवराव फोन डोळ्यांजवळ नेत होते, लांब करत होते, पुन्हा जवळ नेत होते, आणि अंगठ्याने पडदा पुसत होते. तो अंगठा बघून मला एकदम सगळं कळलं. तिरप्या नोटिसा. स्कूटर. आमच्या इमारतीतून ज्यांना काही झालेलं नव्हतं ते सगळे धंतोलीला जाऊन आले, आणि ज्याला खरंच दिसत नव्हतं तो ब्लरवर नोटिसा काढत बसला होता.

"पन सेकेटरीसाहेब," इंदुताई म्हणाल्या, "मले तं सगळं सा..."

'साफ' त्यांच्या ओठांतून निघायच्या आत मी बटण दाबलं.

सगळे फोन एकदम दुधी झाले. "अरे!" असा आवाज उठला. इंदुताईंनी फोन पदराने पुसला.

"हो, आहे," मी उभी राहून म्हणाले. "काढला नाही. काढणारही नाही."

पाठ केलेलं भाषण आता निरुपयोगी होतं, म्हणून सुचेल ते बोलले. म्हणाले, "एक जण बोलत असताना बाकीच्यांनी जरा मागे सरकावं, पुसट व्हावं, एवढंच ती काच करते. या सोसायटीत हे माणसांना जमलेलं नाही, म्हणून फोनला शिकवलंय. तुम्हाला नको असेल तर कंपनीचं घ्या. पण माझं अ‍ॅप राहील तर काचेसकट राहील." हे जरा जास्तच झालं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

ठराव मतास टाकला गेला. 'शेजार' बंद करण्याच्या बाजूने हात वर करा. हात वर झाले. खूप झाले. रामाजींचा झाला, इंदुताईंचा झाला, आणि शेजारच्या खुर्चीवर ह्यांनी कान खाजवायला हात नेला तोसुद्धा मला मतासारखाच वाटला. मला हातांचं ते जंगल स्पष्ट दिसत होतं. मी संपले होते.

हात मोजायचं काम सेक्रेटरीचं. केशवराव समोर बघत राहिले. त्यांनी मोजायला बोट उचललं, पहिल्या रांगेपाशी थांबवलं, खाली घेतलं. घसा साफ केला.

"बहुमत स्पष्ट दिसत नाही," ते म्हणाले. "सबब निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब."

सभा उठली ती गोंधळातच. "दिसत नाही काय? आंधळे हायेत का?" असं कोणी तरी मागून ओरडलंही. केशवराव वहीबिही गोळा करून निघाले आणि रोजच्या त्याच पायरीला ठेचकाळले. मी मागे गेले.

"भाऊजी, उद्या धंतोलीला येता का? मला चष्म्याचा नंबर तपासायचाय. ह्यांना सुटी नाही. सोबत हवी."

त्यांनी पायरीवरून पाय सावरला. मग म्हणाले, "वहिनी, लोक 'अरे' माझ्या बोलण्यानंतर म्हणाले. फोन त्यांनी आधी उघडले होते. मग 'अरे' उशिरा कसं?"

हेडक्लार्क तो हेडक्लार्कच.

"मुलाला सांगायचं नाही," ते म्हणाले. "तो विमान पकडून येईल आणि मला घेऊन जाईल. तिथे मी कोणाला नोटीस देणार?"

"सांगत नाही. ऑटो मी बोलावते."

"तुमच्या बाबतीत माझं मत बदललं असं समजू नका. ब्लर चुकीचाच आहे."

"आणि मी तो काढणार नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग किती वाजता निघायचं?"

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, खूप आधी यायला हवं होतं. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, घरी डबा आमच्याकडून गेला. वरण, फोडणीची भाकरी, आणि एकदा वांग्याची भाजी, ती तिखट झाली म्हणून त्यांनी तोंडी तक्रार नोंदवली. थेंब घालायला ह्यांनी जायचं ठरलं. हे रोज जायचे आणि बराच वेळ परत यायचे नाहीत. दोघं मिळून भविष्यातलं नुकसान ठरवत असावेत.

दरम्यान, काही काम करायचं म्हणून मी एक दिवस काच बंद केली. तासाभरात इंदुताईंचा फोन.

"काच कुठी गेली वं?"

"काढली, इंदुताई. तुम्हाला नको होती ना?"

"लाव बाप्पा पुन्हा. उघडंबोडकं दिसून राहिलं अ‍ॅप. चांगलं नाई वाटत."

मी फोन ठेवला. काच लावली, आणि स्वयंपाकघरात एकटीच जरा मोठ्याने गायले.

पुढची सभा. तोच कूलर, त्याच खुर्च्या. केशवराव नवा चष्मा लावून आले आणि आल्या आल्या मागच्या रांगेतल्या एकाला म्हणाले, "तुमचं मेंटेनन्सचं कार्ड खिशातून पडतंय." सगळे सावरून बसले. ठराव पुन्हा मतास टाकला. या वेळी त्यांनी बोट उचललं आणि एकेक हात, एकेक नाव उच्चारत मोजलं. बंद करण्याच्या बाजूने थोडे हात होते. सगळ्यात उंच हात त्यांचा स्वतःचा.

"तुम्ही?" मी न राहवून म्हणाले.

"ब्लर आता नीट पाहिला. नीट पाहूनही आवडला नाही." मग त्यांनी 'शेजार' ठेवण्याच्या बाजूचे हात मोजले. इंदुताईंनी दोन्ही वर केले होते, त्यातला एक खाली घ्यायला लावला. रामाजींचा हात वर होता. ह्यांचा होता, आणि कानाजवळ नव्हता.

केशवरावांनी पेनाचं टोपण लावलं. "बहुमत स्पष्ट आहे," ते अगदी दुःखाने म्हणाले. "अ‍ॅप राहील. काचेसकट."

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. मी मान ताठ करून निघाले होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. फोन हातात, आता बरोबर वीतभर अंतरावर धरलेला.

"वहिनी, एक राहिलं. अ‍ॅप सुरू झालं त्या दिवसापासून तुमच्या पहिल्या पानावर 'सुचना' लिहिलंय. ऱ्हस्व उकार. दीर्घ हवा."

मी फोन बघितला. खरंच होतं. सगळ्या सोसायटीने, नूपुरने आणि मी तो शब्द रोज बघितला होता.

"ही एक सूचना मान्य," मी म्हणाले, आणि उभ्या उभ्याच उकार दीर्घ केला.